विष सापडलं तरी सुटका, न सापडताही फाशी

समजा, अमरावतीच्या राजापेठ ठाण्याच्या हद्दीत खून झाला. पाहणारा कुणी नाही. पण आदल्या रात्री बडनेरा रोडच्या सीसीटीव्हीत मयत आणि आरोपी सोबत दिसतात. दोघांत पैशांवरून वाद होता. आरोपीने काढून दिलेल्या शर्टावर रक्त आहे. ‘मी तर अकोल्याला होतो,’ ही त्याची बतावणीही खोटी ठरते. आता आणखी काय पाहिजे?

पाहिजे, आणि बरंच पाहिजे. सोबत दिसणं आणि मृत्यू यांच्यात सहा तासांचं अंतर असेल, तर मधे तिसरा कुणी आलाच नसेल कशावरून? प्रयोगशाळेच्या अहवालात ‘रक्त मानवी, गट निष्पन्न नाही’ एवढंच असेल, तर ते रक्त कुणाचं? माणूस घाबरूनही खोटं बोलतो. पुराव्यांची साखळी आधीच पूर्ण असेल, तर खोट्या बतावणीने तिला बळ मिळतं. तुटलेली कडी मात्र तिने जोडता येत नाही.

गंमत अशी, की खुनाच्या खटल्यांना लागणारं, दुसरी शक्यता उरू न देणारं परिस्थितीजन्य पुराव्याचं हे माप ज्या निकालाने देशभर रुजवलं, त्यात खून नव्हताच! तो खटला नागपूरचा. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर ही आपली राजधानी. सिवनीच्या दारूभट्टीच्या टेंडरवरून आबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर बनावट दस्तऐवजाच्या आरोपात अडकले. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. निकालात न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी इंग्लंडमधल्या 1838 च्या एका खून खटल्याचा दाखला दिला. त्यात न्यायाधीश आल्डरसन यांनी ज्यूरीला बजावलं होतं, की सुट्या घटना एकमेकींना जुळवण्यात मनाला मोठी मौज वाटते. जुळत नसतील तर ते त्यांना थोडं ओढूनताणूनही बसवतं. मेंदूच्या या खोडीचा अभ्यास मानसशास्त्राने पुढे केला. न्यायालयाने ती आधीच हेरली होती.

या मापाची खरी कसोटी पुण्याच्या दोन खटल्यांत दिसते. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. अनंत चिंतामण लागू एका श्रीमंत, मधुमेही विधवेला पुण्याहून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. ती बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात पोचली आणि मरण पावली. व्हिसेऱ्यात विष सापडलं नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने फाशी कायम ठेवली. कारण मृत्यू लपवून, ती हयात असल्याची बनावट पत्रं रचून डॉक्टरांनी तिची मालमत्ता घशात घातली होती. या साऱ्या वागण्याचा निर्दोष अर्थ लागेल अशी दुसरी गोष्ट बहुमताला उरलेली दिसली नाही.

दुसरा खटला शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 1982 मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. इथे विष सापडलं होतं. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला सोडलं. तिच्या पत्रांतून मनाची घालमेल दिसत होती. आत्महत्येची शक्यता पुसली गेलेली नव्हती. न्यायमूर्ती फझल अली यांनी इथेच परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ सांगितलं: प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत हवी, ती दोषाशीच जुळावी, निर्णायक असावी, दुसरा प्रत्येक तर्क बाद व्हावा आणि साखळी अखंड असावी. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांतलं अंतर न्यायालयाने शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात 1973 मध्येच दाखवलं होतं.

म्हणजे विषाच्या बाटलीपेक्षा प्रश्न वेगळाच आहे: याच घटनांतून आरोपी निर्दोष ठरेल अशी, पटण्याजोगी दुसरी गोष्ट रचता येते का? ज्या मनाला जुळवाजुळवीची हौस, त्यालाच स्वतःची जुळणी उसवून पाहायला कायदा लावतो. ती उसवली, तर संशयाचा फायदा आरोपीला. टिकली, तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतानाही शिक्षा.