फुकट फोनचा हिशेब

2017 च्या जुलै महिन्याची 21 तारीख. मुंबईत रिलायन्सच्या भागधारकांच्या सभेत मुकेश अंबानी यांनी जिओफोन नावाचा बटणांचा फोन दाखविला आणि त्याची किंमत शून्य असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी आमच्या पेठ वडगावात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय होता. माझ्या दुकानात गादीचे कापड घ्यायला आलेले एक बुजुर्ग पिंजारी म्हणाले, "मुफत में कोन देता रे बाबा? कुछ तो लेताच होयगा." त्यांनी एका वाक्यात जे ओळखले ते समजायला माझ्यासारख्या व्यापाऱ्याला बरेच दिवस लागले.

वाचक विचारतील की कापडवाल्याने फोनच्या धंद्यात नाक खुपसण्याचे कारण काय. कारण असे की माल स्वस्तात द्यायचा आणि गिऱ्हाईक बांधून घ्यायचे ही रीत फोनवाल्यांची एकट्यांची नाही. आपल्या सूत-कापडाच्या बाजारात ती फार जुनी आहे, आणि आता ती नव्या वेषात आपल्या गल्ल्यावर येऊन उभी राहिली आहे. म्हणून त्या फोनचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा असे वाटले.

अटी अशा होत्या. गिऱ्हाइकाने 1500 रुपये अनामत भरायची, 500 नोंदणीच्या वेळी आणि 1000 फोन हातात पडताना. तीन वर्षांनी फोन परत केला की 1500 रुपये परत. म्हणजे जाहीर केलेली शून्य किंमत खोटी नव्हती. ऑगस्टच्या 24 तारखेला नोंदणी सुरू झाली आणि सुमारे 60 लाख फोनांची मागणी आल्यावर ती थांबवावी लागली. पुढे सप्टेंबरमध्ये छापील अटी बाहेर आल्या. त्यांत वर्षाला किमान 1500 रुपयांचे रिचार्ज करण्याची अट होती, म्हणजे तीन वर्षांत 4500. मूळ योजना 28 दिवसांना 153 रुपयांची होती. वर्षाला 28 दिवसांचे 13 हप्ते पडतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण मनात 12 धरतो. 13 गुणिले 153 म्हणजे वर्षाला 1989 रुपये, तीन वर्षांचे 5967. त्यात बोलणे फुकट, इंटरनेटही होते. सौदा गिऱ्हाइकाच्या नुकसानीचा होता असे मी म्हणणार नाही. पूर्वी तेवढ्या पैशात याच्या चौथाईसुद्धा मिळत नव्हते. पण फोन शून्य रुपयांचा आणि संबंध सहा हजारांचा, हे दोन्ही आकडे एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत.

आता कंपनीला हे करण्याची गरज काय पडली? जिओची सेवा 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झाली. आधी डिसेंबरअखेर आणि मग 31 मार्च 2017 पर्यंत सारे फुकट होते. गिऱ्हाईक कोटींनी आले. पण जिओचे जाळे केवळ 4जी होते, त्यावर जुना साधा फोन चालतच नव्हता. त्या सभेत अंबानींनी स्वतः सांगितले की देशात सुमारे 50 कोटी साधे फोन आहेत. म्हणजे एवढ्या लोकांना दुकानाचा दरवाजाच बंद होता. ज्याच्या खिशात दीड हजाराचा फोन आहे त्याला पाच हजारांचा स्मार्टफोन घे म्हणून सांगण्यापेक्षा, बटणांचाच पण 4जी चालणारा फोन आपण करून द्यावा, असा हा विचार होता. त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नव्हते हे ओघाने आलेच.

या फोनच्या आत जी कार्यप्रणाली होती तिचे नाव केएआयओएस. तिची कहाणी व्यापाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. ही प्रणाली मोझिला या संस्थेने काढलेल्या फायरफॉक्स ओएसच्या बियाण्यातून उगवलेली. फायरफॉक्स ओएस आपल्याकडे ऑगस्ट 2014 मध्ये आली होती. इंटेक्स कंपनीचा क्लाउड एफएक्स अवघ्या 1999 रुपयांना होता, स्पाईसचा एक फोन 2299 ला. स्वस्तपणात कसर नव्हती. पण त्यात 3जी नव्हते, अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हते, आणि मुख्य म्हणजे तो फोन खपला पाहिजे अशी ज्याची गरज आहे असा धनी मागे नव्हता. 2015 च्या डिसेंबरात मोझिलाने फोन कंपन्यांमार्फत असे स्मार्टफोन विकणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. दोनच वर्षांनी त्याच बियाण्याचे रोप जिओच्या वाफ्यात लागले, आणि 2018 मध्ये भारतात त्याचा वापर आयफोनच्या प्रणालीपेक्षा जास्त असल्याच्या बातम्या आल्या. कंपनी पुढे दहा कोटींच्या वर जिओफोन दिल्याचे सांगत असे.

कोणी म्हणेल की मोबाईल कंपनीशी करार केला की झाले. तसे नाही. फायरफॉक्सचा झेडटीई ओपन हा फोन 2013 मध्ये स्पेनमध्ये टेलिफोनिका या बड्या कंपनीनेच 69 युरोला विकला होता. तिथे करार होता, भावही हलका होता, तरी गाडी पुढे गेली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे फरक गरजेचा आहे. टेलिफोनिकाला तो फोन म्हणजे दुकानातल्या शंभर ताग्यांपैकी एक तागा होता. खपला तर खपला. जिओला मात्र त्याच फोनावाचून 50 कोटींच्या बाजारात पाऊल टाकता येत नव्हते. विकणाऱ्याची स्वतःची नड असते तेव्हाच तो भावात खरा हात सैल सोडतो. हे आपल्या मंडीत रोज दिसते.

उलट उदाहरणही पाहावे. अमेरिकेत 2008 च्या जुलैत आयफोन 3जी हा फोन 199 डॉलरला मिळू लागला, कारण एटी अँड टी ही कंपनी दोन वर्षांचा करार लिहून घेऊन उरलेली रक्कम स्वतः सोसत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉईडचा पहिला फोन टी-मोबाईलने याच पद्धतीने 179 डॉलरला काढला. ऑगस्टच्या 22 तारखेला तोच आयफोन एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आणला, किंमत 31,000 रुपये. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरणारे, दोन वर्षांचा करार लिहून देणारे नव्हे. मग कंपनीने कोणाच्या भरवशावर रक्कम सोसायची? फोन तोच, कंपन्या मोठ्या, पण भावाची रचना इथल्या गिऱ्हाइकाच्या चालीची नव्हती. मोठ्या शहरांतल्या शौकिनांपलीकडे तो गेला नाही.

चाल ओळखणारा माणूस मात्र आपल्या देशात आधीच होऊन गेला होता, आणि तो आपल्याच धंद्यातला. कापडाच्या जुन्या व्यापाऱ्यांना विमलचे दिवस आठवत असतील. धीरूभाई अंबानींनी 1966 मध्ये नरोड्याला गिरणी घातली. घाऊक व्यापारी जुन्या गिरण्यांशी बांधलेले होते, नव्या मालाला हात लावीत नव्हते. तेव्हा त्यांनी घाऊकवाल्याला वळसा घालून थेट किरकोळ दुकानदार गाठले आणि गावोगाव विमलची स्वतंत्र दुकाने उघडविली. आमच्या वडीलधाऱ्यांत त्यावर पुष्कळ कुरकुर झाली. पण मधला दरवाजा बंद असेल तर भिंतीला नवा दरवाजा पाडायचा, ही खोड त्या घराण्याची तेव्हापासूनची.

त्याच घराण्याने 2003 च्या पावसाळ्यात "मान्सून हंगामा" या नावाने 501 रुपयांत फोन हातात दिला होता. तो सीडीएमए पद्धतीचा, त्यात सिम नसे, नंबर फोनातच कोरलेला. बाकीची रक्कम महिन्याच्या बिलातून वसूल व्हायची होती. हमाल, रिक्षावाले, भाजीवाले यांच्या हातात पहिल्यांदा मोबाईल आला तो तेव्हा. परंतु पुष्कळांनी बिले भरलीच नाहीत आणि कंपनीला थकबाकीचा मोठा फटका बसला. 2017 ची योजना या धड्यावर उभी होती असे मला वाटते. 2003 मध्ये कंपनीने माल आधी देऊन पैसे मागून घ्यायचे ठरविले होते. 2017 मध्ये 1500 आधी ठेवून घेतले आणि रिचार्जही आगाऊ. उधारी पूर्ण बंद! ज्याची उधारी एकदा बुडाली आहे त्या दुकानदाराला यातली खुबी समजावून सांगायला नको.

बाकीच्या कंपन्यांनीही हातपाय हलविले. एअरटेलने ऑक्टोबर 2017 मध्ये कार्बनचा ए40 इंडियन हा स्पर्शपडद्याचा फोन काढला. आधी 2899 रुपये भरायचे, दरमहा 169 चे रिचार्ज करायचे, 18 महिन्यांनी 500 आणि 36 महिन्यांनी 1000 परत. म्हणून जाहिरातीत किंमत 1399. फोन परत द्यायची अट नव्हती, तो तुमचाच. व्होडाफोनने मायक्रोमॅक्सबरोबर 2899 चाच फोन काढून 1900 रुपये दोन वेळा मिळून परत देऊ म्हटले आणि किंमत 999 सांगितली. कागदावर या योजना जिओच्या जवळच्या होत्या. पण आमच्या बाजारात येणारा शेतमजूर किंवा शिंपी पहिल्या दिवशी खिशातून किती जातात हे पाहतो. 1500 आणि 2899 यांत दुप्पटीच्या जवळपास फरक आहे. तीन वर्षांनंतर काय मिळेल याचा हिशेब तो करीत नाही, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. ज्याची कमाई रोजची आहे त्याचा हिशेबही रोजचाच असतो.

भावाने गिऱ्हाईक दुकानात येते, टिकते ते मालावर. जिओफोनात सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप नव्हते आणि लोकांची पहिली तक्रार तीच होती. कोट्यवधी फोन आधी हातात गेले, मगच इतरांना त्यांची किंमत कळली. 2018 च्या जूनमध्ये गुगलने केएआय कंपनीत 2 कोटी 20 लाख डॉलर घातले आणि सप्टेंबरात त्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले. गिऱ्हाइकांची गर्दी दाखविल्याशिवाय मोठा पुरवठादार दारात येत नाही. आठवडी बाजारात ज्या ओळीत गर्दी असते तिथेच नवा पालवाला पाल ठोकतो, तसेच हे. गर्दी ओसरली की पालही उठते: 2024 च्या जूनमध्ये त्या फोनांना नव्याने व्हॉट्सअ‍ॅप देणे बंद झाले आणि 2025 च्या सुरुवातीला ते पूर्ण थांबले. ज्या कारीगरांची ऑर्डर त्यावर येत होती त्यांना दुसरा फोन घेणे भाग पडले.

नेहमीच नेम लागतो असेही नाही. 2021 च्या दिवाळीत जिओ आणि गुगलने मिळून जिओफोन नेक्स्ट काढला. रोख किंमत 6499. हप्त्याने घ्यायचा तर 1999 आधी, 501 कागदपत्रांचे, आणि सर्वांत लहान योजनेत 24 महिने 300 रुपये. बेरीज 9700. जादा 3201 रुपयांत इंटरनेट आणि बोलण्याचे पैसेही आहेत, व्याजही आहे. कोणते किती हे गिऱ्हाइकाला वेगळे करून दिसत नाही. आपल्यापैकी जे व्याज देण्या-घेण्यापासून दूर राहतात त्यांनी निदान हा आकडा वेगळा करून मागितला पाहिजे. फोन अपेक्षेइतका चालला नाही. 2023 च्या जुलैत कंपनी पुन्हा खाली उतरली आणि जिओ भारत हा बटणांचा फोन 999 रुपयांना, 28 दिवसांच्या 123 रुपयांच्या योजनेसह आणला. साडेसहा हजारांवरून हजाराच्या आत! गिऱ्हाईक कुठे उभे आहे हे बाजाराने कंपनीलाच शिकविले.

आता माझी स्वतःची गोष्ट. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एका सूटिंगवाल्या गिरणीचा माणूस दुकानात आला. काचेचे कपाट, दिव्यांची पाटी, दोन पुतळे, सारे मोफत; अट एवढीच की तीन वर्षे दरवर्षी ठरावीक रकमेचा माल उचलायचा. मी उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी करार वाचता येत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, उसाची बिले लांबली, लग्नसराई फिकी पडली. माल पुरा उचलला गेला नाही. तिसऱ्या वर्षी कपाट गेले, पाटी गेली, आणि आधी दिलेली सूट माझ्या खात्यावर उलटी नावे पडली. पुतळे तेवढे राहिले. त्यांतला एक अजून माळ्यावर आहे, मुले त्याला घाबरतात. त्या कपाटामुळे दोन वर्षे माझा धंदा वाढला हेही खरे आहे. चूक कपाट घेण्यात नव्हती. मंदीच्या वर्षी अट किती जड जाईल हे न विचारण्यात होती.

इचलकरंजीत मजुरीवर माग चालविणारे जाणतात की ज्याचे सूत आणि बीम, त्याचाच भाव. दुसऱ्या व्यापाऱ्याने मीटरमागे चार पैसे जास्त देऊ केले तरी मागावर चढलेले बीम उतरेपर्यंत बोलता येत नाही. एकाच सिमवर चालणारा फोन आणि एकाच व्यापाऱ्याच्या सुतावर चालणारा माग यांत मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की फोन गिऱ्हाईक खिशात घालून दुसरा घेऊ शकते, माग कुठे नेणार?

गेल्या महिन्यात एक तरुण दुकानात आला. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारे यंत्र गल्ल्यावर बसवून देतो म्हणाला. यंत्र फुकट. मी चहा सांगितला आणि चार गोष्टी विचारल्या. महिन्याचे भाडे किती आणि कोणत्या तारखेला कापणार; व्यवहार कमी झाले तर ते वाढणार का; यंत्र परत करायचे तर कुठे आणि पावती मिळेल का; आणि दुसऱ्या कंपनीचे पैसे आले तर ते यंत्र बोलेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने लगेच दिले. उरलेल्या तिन्हींसाठी कोल्हापूरच्या ऑफिसला विचारून येतो म्हणाला. पोरगा अदबीचा होता, चहाही पुरा प्याला. अजून आलेला नाही.