छान गायलास, पण कुठे चुकलास?

दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकाचं गाणं संपलं की पुढे काय होणार, हे आता घरातली लहान मुलंही आधीच सांगतात. वादक एकमेकांकडे बघून हसतात, प्रेक्षकांत बसलेल्या आईचा चेहरा पडदाभर दिसतो, एक परीक्षक उभा राहतो, दुसरा डोळ्यांच्या कडा टिपतो आणि मग शब्दांचा पाऊस सुरू होतो. कमाल! अप्रतिम! अंगावर काटा आला! मग सूत्रसंचालक विचारतो, ‘कसं वाटतंय?’ स्पर्धकाला अर्थातच छान वाटत असतं. तेवढ्यात जाहिराती लागतात.

या सगळ्या सोहळ्यात एकच गोष्ट राहून जाते. त्या मुलानं नेमकं काय चांगलं केलं आणि त्याचं कुठे चुकलं, हे त्याला कुणी सांगत नाही. ज्याला आपण ‘परीक्षक’ म्हणतो, त्याचं खरं तर एवढंच काम आहे.

मी संगीतातला जाणकार नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं बँकेत गेली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तानसेन नाही, फार तर कानसेन म्हणा. पण दुसऱ्याच्या कामाची तपासणी कशी करावी, हे मात्र मी बँकेत चांगलं पाहिलं आहे. शाखेत तपासणीला अधिकारी येत. त्यांच्या अहवालात ‘शाखेचं काम बरं वाटलं नाही’ असं वाक्य कधी नसे. अमुक खातं, अमुक तारीख, व्हाउचरवर दुसरी सही नाही. अमुक कर्जाच्या कागदपत्रांची मुदत संपत आली आहे, नूतनीकरण करून घ्यावं. वाचताना राग येई, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसलं की काय करायचं ते कळे. याच बँकेत वर्षाच्या शेवटी एक गोपनीय अहवालही जाई. त्यात ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ असे शेरे असत. त्यांनी कुणाची बढती झाली, कुणाची अडली, पण त्यांतून कुणी काम शिकल्याचं मला आठवत नाही. आज गाण्याच्या स्पर्धांत आपण जे ऐकतो, ते या दुसऱ्या जातीचं आहे. फरक इतकाच की ते गोपनीय नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं. सोनू निगम सूत्रसंचालन करत असे. समोर परीक्षक म्हणून ज्येष्ठ संगीतकार आणि शास्त्रीय संगीतातली मोठी माणसं येऊन बसत. मंच साधा होता. कल्याणजींनी याच कार्यक्रमाच्या मुलांच्या स्पर्धेत श्रेया घोषालला ऐकलं आणि पुढे स्वतः शिकवलं. ‘देवदास’ आला तो २००२ मध्ये, मधे शिकवणी होती. आपल्या लक्षात ‘देवदास’ राहतो, शिकवणी राहत नाही.

मग वारं फिरलं. इंग्लंडात २००१ मध्ये ‘पॉप आयडॉल’ आलं, २००२ मध्ये त्याचीच अमेरिकन आवृत्ती निघाली आणि २००४ मध्ये आपल्याकडे ‘इंडियन आयडॉल’. पहिला विजेता ठरला आपला अभिजीत सावंत. या नव्या साच्यात दोन गोष्टी बदलल्या. निकाल प्रेक्षकांच्या हाती गेला, म्हणजे एसएमएसवर गेला. आणि परीक्षक स्वतःच कार्यक्रमातलं एक पात्र झाला. निकालच आपल्या हाती नाही म्हटल्यावर परीक्षकानं करायचं काय? त्यानं प्रतिक्रिया द्यायची. पडद्यावर नुसतं ‘निषाद चढा लागला’ म्हणणारा माणूस दिसायला कंटाळवाणा, त्यापेक्षा खुर्चीवर उभा राहणारा बरा.

परदेशी कार्यक्रमात सायमन कॉवेलनं अपमान करण्याची एक रीत लोकप्रिय केली. आपल्याकडेही काही काळ तिची नक्कल झाली. पुष्कळांना वाटलं, चला, निदान कुणी तरी खरं बोलतंय. पण अपमान आणि टीका यांत अंतर आहे. ‘तू गाणं सोडून दे’ या वाक्यात आणि ‘तू महान आहेस’ या वाक्यात गाण्याविषयीची माहिती सारखीच आहे, म्हणजे शून्य.

पुढे अपमान मागे पडला आणि कौतुकाचा पूर आला. २०२१ साली ‘इंडियन आयडॉल’मध्ये किशोरकुमारांच्या स्मरणार्थ एक भाग झाला. त्याला त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे होते. नंतर मुलाखतीत त्यांनी सांगितलं की, सगळ्यांचं कौतुक करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. त्यावर बरंच चर्वितचर्वण झालं. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. सगळ्यांनाच ‘उत्तम’ म्हटलं, तर जो खरोखर उत्तम गायला त्याला काय द्यायचं? नोटा वाटेल तितक्या छापल्या की त्यांची किंमत उतरते, हे बँकेतल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, करमणुकीचा कार्यक्रम आहे, एवढं काय मनावर घेता? मनावर घ्यायचं कारण आमच्याच इमारतीत राहतं. तेरा वर्षांची मुलगी, गोड गळ्याची. एका वाहिनीच्या स्पर्धेत तिची निवड झाली. इमारतीत पेढे वाटले गेले. पहिल्या तीन भागांत ती ‘सुपर्ब’ होती, चौथ्या भागात परीक्षक म्हणाले, ‘आज मजा नाही आली.’ ती बाहेर पडली. घरी आल्यावर महिनाभर तिनं तंबोऱ्याला हात लावला नाही. एकदा जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, ‘आजोबा, मजा म्हणजे काय? ती कुठल्या ओळीत नाही आली?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिच्या बाईंकडे होतं. बाईंनी त्या भागाचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. एक, मूळ गायिकेची पट्टी धरायचा हट्ट केलास, ती तुझ्या गळ्याला दोन पट्ट्या वर आहे. म्हणून अंतऱ्यातला वरचा षड्ज ओरडल्यासारखा झाला. दोन, गाणं यमनातलं आहे, त्यात निषादावर जरा थांबायचं असतं. तुला षड्जाची घाई, म्हणून निषाद चढा लागला. तीन, दुसऱ्या ओळीत शब्दाच्या मध्येच श्वास तुटला. बस्स. यात कुठे ‘तुझ्यात काही तरी कमी आहे’ नव्हतं. मुलगी आधी रडली, मग दुसऱ्या दिवशी निषाद घेऊन बसली. आता ती बरं गाते. स्पर्धेचं नाव मात्र काढत नाही.

बाईंनी जे केलं ते परीक्षण. त्याला पाच मिनिटं लागली. पडद्यावर एवढा वेळ मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तीन गोष्टींऐवजी एक सांगायला किती वेळ लागतो?

या स्पर्धा वर्षानुवर्षं पाहिल्यावर काही दोष माझ्यासारख्या सामान्य श्रोत्यालाही ओळखू येऊ लागले. पहिला नकलेचा. मुलं गाणं शिकत नाहीत, रेकॉर्ड शिकतात. आशाबाईंनी जिथे आवाजाला हलकासा झोका दिला, तिथे हीही देणार. मूळ गायिकेनं जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेणार. परीक्षक म्हणतात, ‘हुबेहूब!’ आणि हेच कौतुक समजलं जातं. दुसरा दोष शब्दांचा. हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेल्या ज्ञानेश्वरांच्या विरहिणी अवघड म्हणून मुद्दाम निवडल्या जातात. सूर लागतात, जागा येतात, पण विरहाचे शब्द गाताना चेहऱ्यावर बक्षीस समारंभाचं हसू असतं, कारण ‘हसत गा’ असं कुणी तरी बजावलेलं असतं. तिसरा वयाचा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं शृंगाराची लावणी ठसक्यात गायली की मंच दणाणतो. त्या पोरीला त्या शब्दांचा अर्थ कळत नाही आणि कळावा असंही कुणाला वाटत नाही. चौथा दोष तिचा नव्हे, साच्याचा. मुखडा, एक अंतरा आणि शेवटी एक लांबलचक तान. दोन-तीन मिनिटांत गाणं रंगवायचं म्हटल्यावर मुलं रंगवायला शिकतात, खुलवायला शिकत नाहीत.

आपल्या मराठी मुलखाला हे असं पोकळ कौतुक शोभत नाही, असं मी म्हणतो ते अभिमानापोटी नव्हे. आपल्याकडे ऐकण्याची आणि ऐकलेल्याचा हिशेब मांडण्याची परंपरा होती. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’चे संगीतकार केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावानं आपल्या काळातल्या गायकांवर लिहीत. आवाजाचा पोत, लय, शब्दोच्चार, एकेक गोष्ट सुटी करून ते दाखवीत.

आणि कुमार गंधर्व? ते तर आजच्या भाषेतले ‘लिटल चॅम्प’च. शिवपुत्र कोमकळी नावाचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गात असे. १९३६च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि जाणकार थक्क झाले. तिथे आज असते तशी व्यवस्था असती, तर तो पोर पुढची दहा वर्षं हुबेहूब गात गावोगाव हिंडला असता. झालं ते निराळं. तो प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला. नक्कल येते, ठीक. आता गाणं शिक, असा तो प्रवास होता. पुढे कुणासारखंही नसलेलं जे गाणं आपल्याला मिळालं, ते त्या प्रवासातून.

लताबाईंनी स्वतः सांगितलेली एक आठवण सर्वांना माहीत आहे. त्या नव्या होत्या. लोकलमध्ये अनिल विश्वासांनी त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. ही मराठी मुलगी आहे म्हटल्यावर दिलीपकुमार म्हणाले की, मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. शब्द लागणारेच होते. पण त्यात दोष कुठे आहे ते नेमकं होतं. दोष आवाजात नव्हता, उच्चारात होता. लताबाईंनी मौलवी ठेवून उर्दूचे धडे घेतले. ‘आज मजा नाही आली’ असं ऐकून त्यांनी कशाचे धडे घेतले असते?

मुलांना टीका सोसत नाही, ती कोमेजतात, असा एक आक्षेप घेतला जातो. माझं पाहणं उलट आहे. मुलं गणिताच्या वहीतली लाल फुली सोसतात, कारण ती एका ठरावीक आकड्यापाशी असते. त्यांना सोसत नाही ते आज डोक्यावर घेणं आणि उद्या कारण न सांगता खाली ठेवणं. दुसरा आक्षेप असा की, निषाद-बिषाद प्रेक्षकांना कळत नाही. का कळू नये? झी मराठीच्या ‘सा रे ग म प’मध्ये परीक्षक गुणांऐवजी सूर देत, ध, नी, आणि गाणं फारच रंगलं तर वरचा सा. घराघरांत लोक ‘आज हिला नी मिळायला हवा होता’ म्हणून वाद घालत. जो प्रेक्षक नीवरून भांडतो, त्याला तो का दिला हेही ऐकायला आवडेल.

२००८-०९च्या ‘लिटल चॅम्प्स’मधली ती पाच मुलं कुणाला आठवत नाहीत? आळंदीची कार्तिकी, पुण्याची आर्या, अलिबागची मुग्धा, आरवलीचा प्रथमेश, लातूरचा रोहित. त्यांचं कौतुक कमी झालं नाही, पण त्यांच्यामागे शिकवणारी माणसंही होती. कार्तिकीला वडील कल्याणजी गायकवाड, आर्याला आई श्रुती आंबेकर. टाळ्या संपल्यावर घरी ‘तो सूर पुन्हा लाव’ म्हणणारं कुणी तरी असलं, तर टाळ्या पचतात. ज्या मुलामागे असं कुणी नाही, त्याला जे काही शिकायला मिळेल ते त्या मंचावरच. म्हणून तिथे बसलेल्याची जबाबदारी मोठी.

हीच पाच मुलं २०२१ मध्ये त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीवर बसली. लहानपणी त्या मंचावर उभं राहून निकालाची वाट पाहणं काय असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? अशा अनुभवी माणसांना वाहिन्यांनी एवढीच मोकळीक द्यावी: प्रत्येक गाण्यानंतर एक जागा दाखवा जी साधली आणि एक जागा दाखवा जी साधली नाही. ओळ सांगा, सूर सांगा, जमलं तर स्वतः गाऊन दाखवा. मग हवं तर उभे राहा, डोळे पुसा, आमची हरकत नाही.

वाहिन्या हे ऐकतील न ऐकतील. तोवर घरी पडद्यासमोर बसलेल्यांना एक काम करता येईल. पुढच्या वेळी घरातली नात गाणं म्हणेल तेव्हा ‘वा, छान’ म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालू नका. ‘दुसरी ओळ पुन्हा म्हण बरं, तिथे तुझा श्वास तुटला’ असं म्हणून बघा. ती जरा रुसेल. मग ओळ पुन्हा म्हणेल.