गणिताचा मक्ता

पेटंट अथवा एकस्व हा राजसत्तेने संशोधकाशी केलेला करार आहे, असे कायद्याचे भाष्यकार पूर्वीपासून सांगत आले आहेत: संशोधकाने आपली युक्ती जगापुढे तपशीलवार मांडावी आणि त्या मोबदल्यात सरकारने तिचा मक्ता काही मुदतीपुरता, आजच्या हिशेबाने २० वर्षांपुरता, त्याच्या नावे लिहून द्यावा. यंत्रे आणि रसायने यांच्या बाबतीत हा व्यवहार पुष्कळसा न्याय्य ठरला, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु संगणकाची आज्ञावली, जी मुळात गणिताचीच एक शिस्तबद्ध मांडणी असते, ती या मक्त्याच्या हद्दीत ओढली गेल्यावर प्रोग्रामरांच्या वर्गात जो असंतोष उसळला, त्याची संभावना फुकटेपणाची हाव अशी करणे वस्तुस्थितीला सोडून होईल. त्यांची तक्रार साधी होती: कोणाचेही न पाहता, स्वतःच्या बुद्धीने एखादी रीत शोधून काढली, तरी ती आधीच दुसऱ्याच्या नावावर चढली असेल तर शोधणारा कायद्याने अतिक्रमण करणारा ठरतो.

जीआयएफ चित्रांचे प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगे आहे. झिव्ह आणि लेम्पेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ व १९७८ साली माहिती आटोपशीर करण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या, आणि टेरी वेल्च यांनी त्यांतील एकीला सुटसुटीत रूप देऊन १९८४ साली एका नियतकालिकात ती समजावून सांगितली. ठिपक्यांचा जो क्रम एकदा येऊन गेला त्याला कोष्टकात क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रम पुन्हा आला की नुसता क्रमांक टाकायचा. कोष्टक वेगळे पाठवावे लागत नाही, कारण वाचणारा संगणक वाचता वाचता तेच कोष्टक स्वतः बांधीत जातो. अशी निर्मळ युक्ती छापून आल्यावर ती सर्वांची झाली असे लोकांनी मानले, त्यात नवल नव्हते. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली तिच्यावर जीआयएफ हे चित्रांचे स्वरूप उभारले. पेटंटाचा अर्ज मात्र जून १९८३ मध्येच दाखल होऊन १९८५ साली मंजूरही झाला होता, आणि पुढे तो हक्क युनिसिस कंपनीकडे आला. डिसेंबर १९९४ मध्ये परवाना-शुल्काची वार्ता बाहेर पडली, तेव्हा जगभर लक्षावधी चित्रे त्या रीतीने बांधली जाऊन बसली होती.

याहून मार्मिक गोष्ट अशी, की त्याच जून १९८३ मध्ये आयबीएमच्या मिलर आणि वेगमन या दोघांनी बहुतांशी तीच रीत सांगणारा स्वतंत्र अर्ज केला होता, आणि अमेरिकन पेटंट कचेरीने त्यालाही कालांतराने मंजुरी दिली. एकाच महिन्यात दोन ठिकाणी सुचलेल्या गोष्टीची सनद दोघांनाही मिळते आणि तपासनीसाच्या ते ध्यानात येत नाही, मग गावोगावच्या एकट्यादुकट्या प्रोग्रामराने दप्तर धुंडाळून काय पाहायचे होते?

प्रतिकाराचे उत्तम फळ निषेधापेक्षा पर्यायातून निघाले. १९९५ च्या जानेवारीत काही स्वयंसेवकांनी पेटंटमुक्त पीएनजी स्वरूपाचा आराखडा सुरू केला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ५ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘सर्व जीआयएफ जाळा’ असा दिनही पुकारण्यात आला. फायलींची होळी नेमकी कशी करतात, हा प्रश्न बाजूला ठेवू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली स्थापन केलेली प्रोग्रामिंग-स्वातंत्र्य संघटना ही लढाई आधीपासूनच लढत होती. पण मला अधिक वजनदार वाटते ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांची साक्ष. हे प्रकृतीने चळवळे नव्हेत. तरी १९९४ साली पेटंट कचेरीला पत्र लिहून त्यांनी कळविले की अशी पेटंटे १९८० साली सर्रास असती, तर आपल्या हातून टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली बहुधा घडलीच नसती.

युरोपात हा वाद कायदेमंडळात गेला. तेथे १९७३ च्या करारानेच संगणकाच्या आज्ञावलीला ‘तेवढ्यापुरती’ पेटंटबाह्य ठरविले होते, आणि २००२ च्या मसुद्याने ‘तेवढ्यापुरती’ या शब्दात दडलेल्या पळवाटेला राजमार्ग करण्याचा घाट घातला. डिसेंबर २००४ मध्ये हा विषय कृषी व मत्स्योद्योग मंत्र्यांच्या बैठकीत, बिनचर्चेच्या यादीत, संमत करून घेण्याची तजवीज झाली होती. पोलंडच्या प्रतिनिधीने ऐनवेळी हरकत घेतली म्हणून तो बेत फसला. अखेर ६ जुलै २००५ रोजी संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी मसुदा फेटाळला. या आकड्याने हुरळून जाऊ नये. प्रतिकूल दुरुस्त्या घुसतील या भीतीने बड्या कंपन्यांनीही शेवटी मसुदा बुडवणेच पसंत केले, आणि युरोपीय पेटंट कचेरीचा अशी पेटंटे देण्याचा जुना शिरस्ता पुढे तसाच चालू राहिला.

आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने, कलम ३ (के) अन्वये, गणिती पद्धती, व्यापारपद्धती आणि निव्वळ संगणक-आज्ञावली पेटंटाच्या बाहेर ठेवल्या. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने उद्योगातील तांत्रिक वापराला आणि यंत्रसामग्रीच्या जोडीला सूट देऊन हे कुंपण मोडले होते. औषधांच्या किमतींवरून गदारोळ चालू असताना या बारीक बदलाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले, तरी २००५ च्या कायद्यात तो गाळला गेला, हे संसदेच्या पदरी घालायला हवे. त्यानंतरची झटापट भारतीय पेटंट कचेरीच्या मार्गदर्शक सूचनांत चालू आहे: ऑगस्ट २०१५ च्या सैल सूचना आक्षेपांमुळे त्याच डिसेंबरात स्थगित झाल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या यंत्रसामग्रीची अट आली, आणि जून २०१७ मध्ये ती निमूटपणे वगळण्यात आली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम दाखविणाऱ्या अर्जांना दार उघडे असल्याचे सांगितल्यावर तर कायद्याचे शब्द जागच्या जागी असूनही, त्यांना वळसा कसा घालावा हे अर्ज लिहिणाऱ्या वकिलांना चांगलेच अवगत झाले आहे.