पाटाचं पाणी आणि मेंदूचं चित्र

निमगाव केतकीचे एक ओळखीचे शेतकरी मुलाच्या एमआरआयची फिल्म घेऊन आले होते. पोराला फिट येते म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला होता. रिपोर्ट नॉर्मल. त्यांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, "सर, एवढे बारा-पंधरा मेंदू दिसतायत, पण याच्या डोक्यात चाललंय काय, ते कुठं दिसतं?"

मेंदू अर्थातच एकच होता, फिल्मवर त्याचे काप होते. प्रश्न मात्र खरा होता. साधा एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो: गाठ, सूज, जुनी जखम. मेंदूचं काम पाहायचं तर फंक्शनल एमआरआय लागतो. मशीन बहुतेक वेळा तेच असतं. फक्त माणसाला आत झोपवून काहीतरी करायला सांगतात, बोटं हलव, शब्द आठव, आणि दर दोन-एक सेकंदांनी अख्ख्या मेंदूची प्रतिमा घेत राहतात.

"म्हणजे त्यात विचार दिसतात." नाही. त्यात रक्त दिसतं, तेही आडून.

नीरा डाव्या कालव्याखालच्या माणसाला हे सांगणं सोपं जातं. हा कालवा बारामतीकडून इंदापूरच्या टेलकडे, म्हणजे शेवटच्या टोकाकडे येतो. समजा, तुम्ही पुलावर उभे आहात. शिवार दिसत नाही, फक्त कुठल्या चारीला किती पाणी चाललंय तेवढं मोजता येतं. एका चारीचं पाणी वाढलं, तर तिकडं कुणीतरी दारं धरतंय इतकं कळेल. उसाला पाणी चाललंय की मक्याला, ते कळणार नाही. फंक्शनल एमआरआय हा असा पुलावरचा माणूस आहे.

मेंदूतल्या पेशी कामाला लागल्या की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ताजं रक्त येतं. ऑक्सिजन धरून असलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला दाद देत नाही, ऑक्सिजन सोडलेलं देतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे 1936 मध्येच दाखवलं होतं. त्याचा उपयोग मेंदूचं काम टिपायला होईल, हे सेइजी ओगावा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, आणि 1992 मध्ये माणसांवरचे पहिले निष्कर्ष छापून आले. गंमत अशी, की काम करणाऱ्या भागाला गरजेपेक्षा जास्तच रक्त सोडलं जातं. टेलच्या गावांना हेवा वाटावा! त्यामुळे तिथं ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचं प्रमाण उलट घटतं आणि संकेत किंचित वाढतो. किंचित म्हणजे शेकडा एक-दोन. शिवाय हे पाणी उशिरा पोचतं. पेशीचा निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागात जातो, रक्ताची लाट वर यायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि चित्रातला सर्वांत लहान ठोकळा साधारण साबुदाण्याएवढा असतो, त्यात लाखो पेशी मावतात. यातून मनातलं वाक्य वाचायचं म्हणजे चारीचं पाणी पाहून शेतकऱ्याचं नाव सांगण्यासारखं आहे.

"लाल दिसतो तेवढाच भाग चालू, बाकी मेंदू बंद." बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या एआय प्रयोगामुळे उसाचे उपग्रहावरून काढलेले रंगीत नकाशे आता आपल्याकडे नवीन राहिलेले नाहीत. नकाशात लाल पट्टा दिसला म्हणून ऊस लाल झाला, असं कुणी म्हणत नाही. आकड्यांना रंग दिलेला असतो. मेंदूच्या चित्राचंही तसंच. बोटं हलवतानाच्या प्रतिमांची स्वस्थ पडून असतानाच्या प्रतिमांशी तुलना करतात, आणि जो फरक संख्याशास्त्राच्या चाळणीतून उरतो, त्याला रंग देतात. रंग नसलेला भागही काम करतच असतो. शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असलेला मेंदू शरीराची वीसेक टक्के ऊर्जा खातो, झोपेतसुद्धा. "आपण दहाच टक्के मेंदू वापरतो" हे वाक्य इथंच निकालात निघतं.

चाळणी ढिली ठेवली तर काय होतं, ते क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. त्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल, असं रीतसर विचारलं. ढिल्या गणितात माशाच्या मेंदूत "सक्रिय" ठिपके उमटले. गणित नीट लावल्यावर ठिपके गेले. या कामाला 2012 मध्ये इग नोबेल मिळालं. विनोदी पारितोषिक आहे, पण इतकं उपयुक्त काम क्वचितच होतं.

"गुन्हेगाराचं खोटं मशीन पकडतं." हा गैरसमज आपल्याच जिल्ह्यात कोर्टापर्यंत गेला. 2008 च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावताना मेंदूच्या चाचणीच्या निष्कर्षाचाही आधार घेतला. ती चाचणी फंक्शनल एमआरआय नव्हती. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत बदल टिपले होते आणि त्यातून "अनुभवाची आठवण" ओळखल्याचा दावा होता. निमहान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीला ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरलेली वाटली नाही. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीने करता येणार नाही. माझ्या मते कायद्याइतकाच विज्ञानाचाही मुद्दा मोठा आहे: घडलेली, ऐकलेली आणि कल्पलेली गोष्ट मेंदूत अगदी वेगळ्या खोल्यांत ठेवलेली नसते.

मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या "मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन"च्या वर्गांवर दोनच वाक्यं. मध्यमेंदू जन्मापासून चालू असतो, फी भरून तो सुरू करावा लागत नाही. आणि डोळ्यांवरच्या पट्टीखालून नाकाच्या कडेने दिसतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते कधीपासून सांगत आहेत.

मग फंक्शनल एमआरआय कामाचा कुठं? मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याचे आणि हातपाय हलवण्याचे भाग गाठीपासून किती लांब आहेत, ते सर्जनला आधी पाहता येतं. संशोधनात तर फारच. पण निमगावच्या त्या पोराला तूर्त त्याची गरज नव्हती. फिटसाठी ईईजी, म्हणजे मेंदूतले विद्युत बदल टिपणारी तपासणी सांगितली होती, ती करा म्हटलं.

"पण त्या मशीनचं रेडिएशन?" त्यांचा शेवटचा प्रश्न. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. किरणोत्सारी औषध टोचतात ते पेट स्कॅनमध्ये. एमआरआयमध्ये भीती बाळगायची ती चुंबकाची. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून आत जाताना मंगळसूत्र, जोडवी, करदोडा, चिमटे, मोबाइल सगळं बाहेर, आणि शरीरात पेसमेकर किंवा पट्टी-स्क्रू असेल तर आधी सांगायचं.

मशीन बंद दिसलं म्हणून मोबाइल घेऊन डोकावणारेही असतात. ते चुंबक द्रव हेलियमने गोठवलेल्या तारांचं असतं, एकदा सुरू केलं की वीज न घेता चालू राहतं. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली, खोलीत अंधार झाला, तरी ते चालूच असतं.