शेवाळाची ढाल कोणासाठी?
मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला उघडं पडणारं सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ तासन्‌तास ऊन सोसतं. अशा उन्हात पेशींमध्ये ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू वाढतात. त्यांना आवरतात शेवाळातलीच फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझॅन्थिन ही संयुगं. शेवाळाचा तपकिरी रंग या फ्युकोझॅन्थिनचाच. पण शेवाळाला लाभणारं संरक्षण ते खाणाऱ्यालाही मिळतं, असं मानणं घाईचं आहे. परीक्षानळीत दिसलेली ताकद रक्तात तशीच उतरत नाही, कारण फ्लोरोटॅनिनचे मोठे रेणू आतड्यातून फारच कमी शोषले जातात. जपानी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खातात, हा आक्षेप रास्त; मात्र ती रोजच्या जेवणात खातात, अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. शिवाय सरगॅसमच्याच कुळातल्या हिजिकी या शेवाळात अजैविक आर्सेनिक जास्त आढळल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नये, असा सल्ला दिला होता.