बरे झालेले परत येत नाहीत

फ्रोझन शोल्डरच्या रुग्णाला टेबलावर उताणं झोपवतात. एका हाताने त्याचा दंड थोडा बाजूला उचलून धरायचा, दुसऱ्या हाताचा पंजा खांद्याच्या टोकाशी टेकवायचा आणि दंडाच्या हाडाचा गोल माथा पायांच्या दिशेने हळूहळू सरकवायचा. सरकतो तो काही मिलिमीटर. एवढ्याशा हालचालीला हाताइतकीच नजर लागते, कारण दुखलं तरी माणूस लगेच बोलत नाही. आधी श्वास धरतो, पायाची बोटं आखडतो, ‘आई गं’ नंतर येतं. श्वास अडकला की थांबायचं, सैल सोडायचं, पुन्हा जायचं. शेवटी गोनिओमीटरने कोन मोजायचा. मागच्या आठवड्यात ९५ अंश, आज १००. मी हे आनंदाने सांगते आणि काकू म्हणतात, ‘‘पण मॅडम, वेणी अजून घालता येत नाही.’’

दोघींचंही खरं असतं. माझं काम अंशांत पुढे सरकतं आणि त्यांना हवी असते वेणी.

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात काम करते, इंटर्न मुलामुलींना शिकवते. चार वर्षं अभ्यास करून ही मुलं सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला येतात तेव्हा प्रत्येक रुग्णाला हात लावून बघतात. कातडी गरम आहे का, स्नायू कुठे ताठरला आहे, सांधा कुठल्या टप्प्यावर अडतो, सगळं. मग हळूहळू काहींचे हात मागे जाऊ लागतात. कंबरेवर चार पॅड चिकटवायचे, करंट देणारं आयएफटीचं मशीन पंधरा मिनिटांवर लावायचं, पडदा ओढायचा, पुढचा रुग्ण घ्यायचा. बाहेर बाकं भरलेली असतात, त्यामुळे यात गैर काही दिसत नाही. रुग्णही खूश असतो. उलट हाताने उपचार केले तर जाताना विचारतो, ‘‘आज करंट नाही लावला?’’

माझ्या मते या पेशातला बर्नआउट इथे पहिल्यांदा दिसतो. थकलेला माणूस रजा मागतो, चिडतो, ते कळतं. हात मागे घेणारा वेळेवर येतो, कागदपत्रं चोख ठेवतो, कुणाच्या नजरेत येत नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल आलेला कोरडेपणा आणि आपल्या कामाने काही साधतंय हा विश्वास आटणं. दुसरी गोष्ट आमच्या विभागात कानाने ऐकू येते. ‘‘तो हेमी आला का?’’ ‘‘तीन नंबरच्या टीकेआरला वॉकर दे.’’ अर्धांगवायूचे आजोबा हेमी होतात, गुडघा बदललेल्या आजी टीकेआर. घाईत हे बोललं जातं, मी त्याबद्दल कुणाला रागावत नाही. पण एखाद्या मुलीच्या तोंडून दिवसभरात एकदाही रुग्णाचं नाव आलं नाही, तर मी तिला बाजूला बसवून चहा पाजते आणि किती रुग्ण झाले ते विचारते.

थकव्याबद्दल बोलताना लोक आमच्या कंबरेबद्दल आणि अंगठ्याबद्दल विचारतात. मणक्यांवर अंगठ्याने दाब देऊन देऊन अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखतो, हे खरंच आहे. पण अर्धांगवायूच्या माणसाला खुर्चीतून उभं करताना काय होतं ते बघा. मी त्यांच्या समोर गुडघे वाकवून उभी राहते, त्यांचा लुळा गुडघा माझ्या गुडघ्यांनी अडवते, कमरेच्या पट्ट्याला धरते. ‘‘काका, पाय मागे घ्या. पुढे झुका. आणखी. घाबरू नका, मी आहे. आता उठा!’’ त्या ‘उठा’मधला जोर माझ्या पदरचा असतो. काकांना बहुतेक वेळा उठायचंच नसतं. आयुष्यभर सही केलेला हात मांडीवर पडलाय, त्याकडे ते बघत असतात. सकाळी नऊच्या काकांना दिलेला हुरूप साडेबाराच्या आजींनाही तेवढाच द्यावा लागतो. ‘शाब्बास, अजून एकदा’ हे दुपारी रुग्णाकडे न बघता तोंडून निघू लागलं की समजावं, साठा संपला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशी जोडलेली अवस्था म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दहा मिनिटांत एक रुग्ण उरकायला लावायचा आणि संध्याकाळी ध्यानधारणेचं शिबिर ठेवायचं, याने काही होणार नाही. तसंच डॉक्टरांच्या चिठ्ठीचं. वरून लिहून येतं: ‘शेक, करंट, व्यायाम, दहा दिवस.’ तपासून ठरवण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाने नुसती अंमलबजावणी करायची. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं, तेव्हा आमची मुलं फार दुखावली होती. मला त्यांचं दुःख कळतं. पण रोजची ती चिठ्ठी माणसाला जास्त पोखरते.

आणि सगळ्यात पोखरणारी गोष्ट आमच्या कामाच्या घडणीतच आहे. पोलिओच्या साथींनंतर १९५०च्या दशकात मुंबईत केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओचं मूल वर्षानुवर्षं उपचारांना यायचं, कॅलिपर घालून चालायला लागलेलं दिसायचं. आज आमच्याकडे येणारा माणूस थोडं बरं वाटलं की थांबतो. रोजगार बुडतो, प्रवासाला पैसे लागतात, घरी कुणी सोबतीला नसतं. फरक पडला तो दिसेनासा होतो. फरक पडत नाही तो रोज दारात उभा असतो. वर्षभर असं चाललं की कुठल्याही मुलीला वाटेल, माझ्या हातून कुणी बरं होतच नाही.

म्हणून शनिवारी दुपारी आम्ही येणं थांबलेल्या रुग्णांना फोन करायला लागलो. बरेच नंबर लागत नाहीत. काहींचं दुखणं वाढलेलं असतं, त्यांना पुन्हा बोलावतो. गेल्या खेपेला एका इंटर्नने मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर आलेल्या रिक्षावाल्याला फोन लावला. त्याच्या केसपेपरवर तिनेच ‘उपचार अर्धवट सोडले’ असं लिहिलं होतं.

‘‘मूठ वळते का हो?’’

‘‘वळते की! दिवसभर रिक्षाच चालवतोय ना. आत्ता स्टँडवर उभा आहे. ते टॉवेल पिळायचं तुम्ही दाखवलेलं, ते रोज करतो. बरं झालं मॅडम फोन केलात, बायकोची कंबर धरलीये. कधी आणू?’’

‘‘सोमवारी. साडेआठला या, आधी केसपेपर काढा,’’ ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, ‘‘नाव काय त्यांचं?’’