विकायचे घर आणि त्याचे दर्शनी रूप

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. घर विकून पाहावे असे मात्र कोणी म्हटलेले नाही. वास्तविक विकण्याची खटपट बांधण्याहून कमी नसते. बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी कौलारू घरे भावाभावांच्या वाटण्यांत विकावी लागतात. आमचेही एक घर तसेच गेले. त्या वेळी जे पाहिले आणि पुढे अर्थशास्त्राच्या अभ्यासात जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

घर घेणारा बाहेरचे रूप पाहून मत का बनवतो? कारण पाया, वासे, भिंतीचे पोट त्याला दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते एक होते. मालाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळाच माल संशयाने पाहतो आणि भाव पाडून मागतो, असे त्यांचे म्हणणे. घराचेही तेच. फुटकी पन्हळ दिसली की गिऱ्हाईक मनात म्हणते, दिसणारे यांनी सांभाळले नाही, तर न दिसणारे काय सांभाळले असेल!

आता कामाकडे वळू. पुष्कळ लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात. माझ्या मते आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहेच. पन्हळ गळली, कौल सरकले की भिंत पाणी पिते. ते पाणी पुढे वाळताना विटांतले व गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. अशा ओल्या भिंतीवर तैलरंग दिला तर आतली वाफ कोंडते, फुगे धरतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून कौले चाळून घ्यावीत, पन्हळ बदलावी, शेवाळ ताराच्या ब्रशने खरवडावे, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि भिंत पुरती सुकू द्यावी. हे काम दसऱ्यानंतरच काढावे. जूनच्या तोंडावर रंग देणे म्हणजे पैसे पन्हळीतून सोडणे होय.

जुन्या भिंतीला पूर्वी चुनाच लावलेला असेल तर पुन्हा चुनाच उत्तम. चुनकळीत पाणी घातले की ती उकळल्यासारखी तापते. (डोळे सांभाळावेत, हा चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टीवर बेतते.) एक किलो चुनकळीला सुमारे पाच लिटर पाणी घेऊन ती चोवीस तास मुरू द्यावी, जाडसर फडक्यातून गाळावी, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक व चिमूटभर नीळ घालावी. भिंतीवर बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच पातळ थर चढतो. म्हणून एकच जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. शिवाय चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते. तैलरंगाच्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही, तेथे हा उद्योग करू नये.

यानंतर प्रश्न येतो भेगांचा, आणि येथेच माणसाची परीक्षा असते. केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात. त्या बुजवण्यात काही गैर नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग पाया खचल्याची खूण असू शकते. गवंडी अशा भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे असे समजावे. आमच्या परसाकडच्या भिंतीवरची पट्टी महिन्याभरात तडकली. दलाल म्हणाला, “साहेब, लांबी भरून वर दोन हात मारा, पार्टीला काय कळतंय?” काकांना पैशांची निकड होती, मुलीची फी भरायची होती; त्यांना ते पटू लागले. आजी एवढेच म्हणाली, “अरे, लेकराबाळांची माणसं ती. रात्री त्याच भिंतीशी उशी घेऊन निजणार.” वडिलांनी ती भेग गिऱ्हाइकाला दाखवली. त्यांनी आपला गवंडी आणला, किंमत खाली आली, काका चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. विसार मात्र त्याच आठवड्यात मिळाला.

कायदाही आजीच्याच बाजूचा आहे, हे मला नंतर कळले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे बंधनकारक आहे. तो न सांगणे म्हणजे कपट, असे ते कलम स्पष्ट म्हणते. तेव्हा लांबीखाली भेगेबरोबर एखादा खटलाही दडलेला असू शकतो.

बाकी गोष्टी किरकोळ. फाटकाच्या बिजागरीला तेल, दाराला अळशीच्या तेलाचा हात, अंगणातला पालापाचोळा व मोडक्या सायकली दूर, तुळशीवृंदावनाला गेरू. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाईलवर फोटो पाहते, म्हणून दोरीवरचे कपडे तेवढे काढून मग फोटो घ्यावा! पैसे अगदीच बेताचे असतील तर रंग राहू द्यावा, कौले व पन्हळ मात्र करून घ्यावी. घेणारा आपल्या आवडीचा रंग पुढे लावणारच असतो.